अकरावा नोड

होटगी रोड, दुसरा मजला, रात्रीचे पावणेदहा.
बाहेरची भिंत अजून हाताला भाजते.
एसीखाली बादली ठेवलीय,
भरत आली की मल्लिनाथ ती कुंडीत ओतून येतो.
समोरच्या शेडमधले टॉवेलचे माग थांबले
की कळतं, इतका वेळ आपण ओरडून बोलत होतो.

अकरा नोड. सगळ्यांवर तेच जुनं कर्नेल,
पाच पूर्णांक चार. शनिवारी सहावर न्यायचं ठरलंय.
वरून फोन: "कंटेनरच आहेत ना? उचला आणि ठेवा."

कंटेनर नका म्हणू साहेब, पातेली म्हणा.
दोनशे चौदा पातेली, झाकणं घट्ट,
ज्याचं त्याचं आपापलं कालवण,
पण नोडमागे चूल एकच.
चूल बदलायची तर बुडं बघावी लागतात.

म्हणून एकेकाला विचारत जाते,
तुझ्यात काय काय लोड आहे?
पहिला सांगतो: ओव्हरले, ब्रिज, नेटफिल्टर.
ही मंडळी नव्या घरातही आहेत. खूण.
दुसरा तेच. तिसरा तेच.
चौथ्याकडे डिस्कचा ड्रायव्हर, कंपनीने नवा काढलाय,
उतरवून घेते, शाळेच्या दुरेघी वहीत.
"मॅडम, एक्सेल आहे की."
एक्सेलवर मी एकदा विश्वास ठेवला होता, म्हणते,
आणि पुढचं सांगत नाही.

अकराव्यापाशी हात थांबतो.
मोड्यूलचं नाव नुसतं: गजुल_पाणी.
बाहेरून आणून बसवलेलं, कुणाची सही नाही,
अंगावर गोंदलेला एकच आकडा, पाच पूर्णांक चार.
दुसरं कुठलंही कर्नेल त्याला दारात उभं करणार नाही.
सोर्स सापडला. सातशे ओळी,
आणि सगळ्यात वर एक शब्द: मुट्टकु.
मल्लिनाथ घरी कन्नड बोलतो, मी मराठी,
पण साखर पेठेत वाढलेल्याला एवढं तेलुगू येतंच.
हात लावू नकोस.

व्यंकटेश गजुल. तीन वर्षांपूर्वी हैदराबादला गेला.
जायच्या आधी टाकीच्या मीटरचं जुनं कार्ड
ह्या नोडच्या पाठीत बसवून गेला.
कार्ड सांगतं टाकीत पाणी किती,
त्यावरून निघतो तो मेसेज
जो पाच दिवसांतून एकदा फोनवर वाजतो:
आज तुमच्याकडे, इतके ते इतके.
त्या मेसेजवर बायका झोप ठरवतात.
माझी आईसुद्धा. तिला कर्नेल ठाऊक नाही,
मेसेज चुकला तर कुणाला ऐकवायचं ते ठाऊक आहे.

साडेअकराला फोन लावला. मागे लहान मूल रडत होतं.
"अजून चालू आहे ते?" त्याला हसू आवरेना.
मग म्हणाला, "कार्डाची मेमरी मागायचं ते फंक्शन
नव्यात काढून टाकलंय. मी बदलणार होतो.
राहिलं."
राहिलं. मला रागही धरता येईना.
माझ्याही नावावर राहिलेल्या गोष्टींची
एक लांबलचक डिरेक्टरी आहे.

"दहा करू, एक ठेवू की तसाच," मल्लिनाथ म्हणाला.
मलाही तेच सुचलं होतं,
त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

शनिवारी दहा नोड एकेक करून रिकामे केले,
नवं कर्नेल, रीबूट, पातेली परत जागेवर.
सातव्याने उठायला सोळा मिनिटं घेतली.
त्या सोळा मिनिटांत मी बादली दोनदा ओतली,
दुसऱ्यांदा तर ती रिकामीच होती.

अकराव्याला नवं काही द्यायचं नाही, अशी नोंद केली
आणि पेटीवर कागदाची पट्टी डकवली.
"तात्पुरतं" लिहिलं. खोडलं.
ह्या ऑफिसात तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, मला माहीत आहे.
तारीख लिहिली, माझं नाव, माझा नंबर,
आणि खाली बारीक अक्षरात, मुट्टकु.

सोमवारी पहाटे फोन वाजला:
साखर पेठ, साडेचार ते सहा.
अंधारात आईच्या बादल्यांचा आवाज ऐकत पडून राहिले.

पाणी पाचला आलं.
त्याला मी काय करणार.